रामरामाला रामराम

श्रोतेहो, वऱ्हाडांतील माणूस बोलण्यास आरंभ करतो तो बहुधा रामरामानें. म्हणून आरंभींच आपणां सर्वांना माझा रामराम. आजचा विषय लहान आहे. रोजच्या व्यवहारांत आपण एकमेकांशीं सौजन्याचे जे दोनचार शब्द बोलतों, ते निरनिराळ्या भाषांत कसे बोलले जातात, आणि ते बोलतांना आपण खरोखर काय करीत असतों, एवढाच त्याचा आवांका. मी भाषाशास्त्री नव्हें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, त्यावर दोन वर्षांचा अध्यापनाचा अभ्यासक्रम आणि छत्तीस वर्षें खेड्यापाड्यांच्या शाळांतून केलेली मास्तरकी, एवढीच माझी शिदोरी आहे. तींतूनच कांहीं आपल्यापुढें ठेवणार आहें.

गेल्या हिवाळ्यांत एका लग्नाच्या निमित्तानें मी अमरावतीहून अकोल्यास गेलों होतों. परतीच्या गाडीस अवकाश होता, म्हणून फलाटावरील एका बांकावर बसून राहिलों. हातांत कांहीं उद्योग नसला कीं माणसाचे कान उघडतात. दोन शेतकरी समोरासमोर आले. एकानें 'रामराम' म्हटलें, दुसऱ्यानें 'रामराम' म्हणून तें परत केलें. मागून एक तरुण जोडपें आलें, त्यांना ओळखीचें कोणी भेटलें, तेथें 'जय भीम' झालें. बाळापुरास जाणारे एक वृद्ध मौलवी गाडींतून उतरले. त्यांना घ्यावयास आलेल्या मुलानें 'अस्सलामु अलैकुम' म्हटलें आणि त्यांनीं 'व अलैकुम अस्सलाम' असें उत्तर दिलें. कारंज्याच्या एका व्यापाऱ्यानें दुसऱ्यास 'जय जिनेंद्र' केला. पोहरादेवीच्या यात्रेस निघालेल्या बंजारा मंडळींत 'जय सेवालाल' ऐकूं आलें. भगवी टोपी घातलेल्या एका गृहस्थांनीं 'जय गुरु' म्हटलें, त्यावरून ते गुरुकुंज मोझरीचे, तुकडोजी महाराजांच्या परिवारांतले, हें ओळखूं आलें. आणि शेगांवास निघालेलीं माणसें तर लहानथोर सर्वांनाच 'माउली' म्हणून हांक मारीत होतीं. तासाभरांत सात तऱ्हेचीं अभिवादनें कानांवर पडलीं, आणि त्यांत एकहि मला परकें वाटलें नाहीं.

याला कारण आहे. वऱ्हाड हा पूर्वापार येण्याजाण्याच्या वाटेवरचा मुलूख. अचलपुरास इमादशाहीची राजधानी होती. पुढें हा प्रांत निजामाकडे गेला. १८५३ सालीं तो इंग्रजांच्या कारभाराखालीं आला आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. १८६७ सालीं आगगाडी भुसावळकडून अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली, आणि कापसाच्या व्यापारामागोमाग मारवाडी, गुजराती, कच्छी अशीं माणसें येथें येऊन स्थिर झालीं. रिद्धपुरास महानुभावांचें पीठ. तेथें भेटणारा माणूस 'दंडवत प्रणाम' म्हणतो. उत्तरेस मेळघाटांत कोरकू लोक. त्यांच्या भाषेचें नातें मराठीशींहि नाहीं आणि तेलुगूशींहि नाहीं, तें दूरच्या संताळी-मुंडारीशीं आहे. पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्यांतील जळगांव जामोद तालुक्यांत निहाली नांवाची एक भाषा आहे. तिचें नातें तर जगांतील कोणत्याच भाषेशीं निश्चितपणें जुळलेलें नाहीं, आणि ती बोलणारीं माणसें अवघीं दोन-अडीच हजार. अशा प्रांतांत ज्याला बाजार करावयाचा आहे, त्याला चार भाषांतले चार गोड शब्द ठाऊक असावेच लागतात.

घरीं आल्यावर फलाटावरची ही गंमत मीं माझ्या नातीस सांगितली. ती पुण्यास इंग्रजी शाळेंत शिकते. तेव्हां नाताळच्या सुटीसाठीं आली होती. तिनें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आजोबा, हे झाले भेटीचे शब्द. थँक्यूला मराठींत काय म्हणतात?"

मी म्हणालों, "धन्यवाद."

ती म्हणाली, "मग आजी तुम्हांला रोज चहा देते, तेव्हां तुम्ही तिला धन्यवाद कां म्हणत नाहीं?"

स्वयंपाकघरांतून हंसण्याचा आवाज आला. छत्तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मास्तरास त्या दिवशीं उत्तर आलें नाहीं. मीं नातीस सांगितलें, "विचार करून सांगतों." आजचें हें भाषण म्हणजे तो विचार होय.

प्रथम मीं त्या शब्दांचाच थोडा शोध घेतला. आभाराचा शब्द प्रत्येक भाषेनें निराळ्या घरून आणलेला आहे. इंग्रजींतील 'थँक' हा 'थिंक', म्हणजे विचार करणें, या शब्दाचा सख्खा भाऊ. तुम्ही केलेलें मीं मनांत ठेवलें, असा त्याचा मूळ भाव. फ्रेंच लोकांचा 'मेर्सी' हा लॅटिनमधील मोबदला या अर्थाच्या शब्दापासून निघाला. पोर्तुगीज पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि स्त्री 'ओब्रिगादा' म्हणते. अर्थ असा कीं, मी बांधला गेलों, मी बांधली गेलें. त्याच पोर्तुगीजांच्या अमलाखालीं साडेचारशें वर्षें काढलेल्या गोव्यांतील कोंकणी माणूस मात्र 'देव बरें करूं' म्हणतो. तो स्वतःस बांधून घेत नाहीं. फेड करण्याचें काम तो देवावर सोंपवितो. तमिळ 'नन्ऱि' या शब्दाच्या मुळाशीं चांगुलपणा हा अर्थ आहे. उर्दूंतील 'शुक्रिया' अरबी मुळाचा, तर 'मेहेरबानी' फारशींतून आलेली. जपानी 'अरिगातो' हा पोर्तुगीज 'ओब्रिगादु'चाच अपभ्रंश, असें पुष्कळ लोक हौसेनें सांगतात. पण पोर्तुगीज जपानांत उतरले १५४३ सालीं, आणि हा शब्द त्यापूर्वींचा आहे. त्याचा मूळ अर्थ 'असें घडणें दुर्मिळ' असा आहे. कोणीं आपणांस पाणी दिलें, तर असें क्वचितच घडतें, म्हणून मान लववावयाची. ही कल्पना मला फार आवडली.

आपल्याकडे पाहावें तर 'आभार' या शब्दाच्या पोटांत भार आहे; कोणाचे आभार मानणें म्हणजे त्यानें केलेल्या उपकाराचें ओझें मान्य करणें. 'धन्यवाद' म्हणजे मुळांत 'धन्य, धन्य' असें म्हणणें, म्हणजे स्तुति. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही भारदस्त, आणि दोन्ही सभेचे. सभा संपली कीं चिटणीस उठून आभार मानतो, आणि लोक त्या वेळीं चपला शोधूं लागतात. घरांत हे शब्द कोणी वापरीत नाहीं. माझी आई म्हणत असे कीं, आपल्या माणसाचे उपकार मानावयाचे नसतात, ते ध्यानांत ठेवावयाचे असतात. मुलानें जेवतांना आईस 'धन्यवाद' म्हटलें, तर तिला वाटावें कीं हा आतां पाहुणा झाला.

तर मग मराठी माणसाचें सौजन्य राहतें कोठें? तें क्रियापदांत राहतें. 'पाणी दे', 'पाणी द्या', 'पाणी द्यावें', 'जरा पाणी देतां का', 'थोडें पाणी मिळेल का', अशा पायऱ्या आपण चढतों, आणि प्रत्येक पायरीवर आवाज मऊ होत जातो. इंग्रजीतील 'प्लीज'चें काम आपल्याकडे 'जरा', 'तेवढें', 'ना', 'का' हीं एवढीएवढींशीं अव्ययें करतात. वऱ्हाडींत तर 'जी' आहे. 'पानी द्या ना जी' या वाक्यांत कृपा, विनंति, मेहेरबानी असला एकहि मोठा शब्द नाहीं. परंतु तें ऐकून पाणी न देणारा माणूस मीं अद्याप पाहिला नाहीं.

निरोपाचेंहि तसेंच. 'गुडबाय' म्हणजे 'देव तुमच्याबरोबर असो' या जुन्या इंग्रजी वाक्याचा झिजून उरलेला तुकडा. फारशींतला 'खुदा हाफिज' म्हणजे देव तुमचा रक्षक. जपानी 'सायोनारा'चा अर्थ 'असेंच असेल तर' एवढाच. पुढचें वाक्य ऐकणारानें मनांत पुरें करावयाचें. आणि आपण निघतांना म्हणतों, 'येतों.' पाऊल बाहेर पडत असतें आणि तोंडांतून शब्द येतो परतीचा. चुकून 'जातों' म्हटलें तर घरांतलीं वडील माणसें अजून दटावतात.

येथवर सारें गोड आहे, आणि येथेंच थांबलों असतों तर नातीस उत्तर दिल्याचें समाधान मला मिळालें असतें. आमचें सौजन्य व्याकरणांत आहे, म्हणून आम्हांस निराळ्या शब्दांची गरज नाहीं, असें सांगून मोकळा झालों असतों. पण जें व्याकरणांत राहतें, त्याची दुसरी बाजूहि व्याकरणांतच राहते. मुलांना मी शिकवीत असें : 'तूं' एकवचन, 'तुम्ही' अनेकवचन, आणि आदर दाखवावयाचा असेल तर एका माणसासहि अनेकवचन लावावें, त्याला आदरार्थीं अनेकवचन म्हणतात. आई 'तूं', देव 'तूं', जिवाचा मित्र 'तूं'. आणि ज्याच्याकडून काम करून घ्यावयाचें, तो गरीब माणूसहि 'तूं'. मायेचें आणि तुच्छतेचें सर्वनाम एकच. त्यांतलें कोणतें आपण वापरीत आहों, तें बोलणारास कळत नाहीं. ऐकणारास मात्र बरोबर कळतें.

मोठ्या गांवच्या एका शाळेंत मी अकरा वर्षें होतों. तेथें एक शिपाई होते. आज मी 'होते' म्हणतों. त्या वेळीं 'होता' म्हणत असें. माझ्याहून ते बारा-तेरा वर्षांनीं वडील. घंटा देणें, पाणी भरणें, वर्ग झाडणें, पावसाळ्यांत नाल्यास पूर आला म्हणजे पलीकडच्या वस्तींतील पोरांना खांद्यावर घेऊन उतरविणें, हीं त्यांचीं कामें. आम्ही सारे मास्तर त्यांना नुसत्या नांवानें हांक मारीत असूं आणि 'अरे, पाणी आण रे' म्हणत असूं. तिशीच्या आंतला एखादा नवा साहेब तपासणीस आला कीं, आम्ही 'आपण बसावें', 'आपण पाहावें' करीत उभे. आणि त्या साहेबांपुढें पाण्याचा पेला ठेवणारे पन्नाशीचे गृहस्थ आमचे 'अरे'. आमच्यांत कोणी दुष्ट नव्हता. त्यांच्या मुलीच्या लग्नास आम्हीं वर्गणी केली होती. पण 'तुम्ही' म्हणावें, हें मात्र अकरा वर्षांत एकदांहि सुचलें नाहीं. जो रस्ता रोज पायाखालचा, त्यावरचा दगड दिसत नाहीं.

ते सेवानिवृत्त झाले, त्या दिवशीं शाळेंत लहानसा समारंभ झाला. शाल आली, नारळ आला. भाषण करण्याचें काम मजकडे होतें. मीं तें रात्रीं लिहून काढलें होतें, आणि लिहावयाचें म्हटल्यावर आपोआप शुद्ध मराठी आली : 'तुम्हीं या शाळेची एकनिष्ठपणें सेवा केली. आम्ही सारे तुमचे आभारी आहों. तुम्हांस धन्यवाद.' भाषण झालें, टाळ्या झाल्या. त्यांना दोन शब्द बोलावयास सांगितलें. ते उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, धन्यवाद राहू द्या जी. आज तुमी मले 'तुमी' म्हनलं, तेच पुष्कळ झालं." एवढें बोलून ते खालीं बसले. त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच बरें वाटलें होतें. आणि म्हणूनच तें मला आजहि लागतें.

त्या दिवसापासून भेटीच्या शब्दांकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली. शब्द गोड आहे कीं नाहीं, हें मी पाहीनासा झालों. तो परत येतो कीं नाहीं, तें पाहूं लागलों. रामरामाला रामराम मिळतो. सलामाला सलाम मिळतो. दंडवताला दंडवत मिळतें. वारकरी तर एकमेकांच्या पायांस हात लावतात. आधीं कोण वांकला, हें तेथें वयावरून ठरत नाहीं आणि जातीवरूनहि ठरत नाहीं. ज्याला 'माउली' म्हटलें, तोहि उलट 'माउली'च म्हणतो. हीं खरीं अभिवादनें. जें एकाच बाजूनें जातें आणि परत येत नाहीं, तें अभिवादन नव्हे, तो सारा होय.

याचें मोठें उदाहरण 'जोहार' या शब्दांत आहे. गांवकुसाबाहेर ज्यांना राहणें भाग पाडलें होतें, त्या महार समाजानें गांवांतल्यांना 'जोहार' घालावा, असा महाराष्ट्रांत जुना दंडक होता. त्या जोहारास जोहार परत मिळत नसे. संत चोखामेळा यांचा जन्म परंपरेप्रमाणें आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांतील मेहुणा राजा येथला. त्यांचे जोहाराचे अभंग प्रसिद्ध आहेत. त्यांनीं तो जोहार विठ्ठलापुढें नेऊन ठेवला. आतां नवल असें कीं, हाच शब्द झारखंडांत गेलें तर आदिवासी माणसें ताठ मानेनें एकमेकांस म्हणतात, आणि विदर्भांतील गोंड समाजांतहि 'सेवा जोहार' अभिमानानें म्हटला जातो. अक्षरें तींच, परंतु तेथें जोहारास जोहार मिळतो, म्हणून तोच शब्द मानाचा झाला. इटलींतला 'चाव' हा शब्द आज मित्र मित्रांस सहज म्हणतो. त्याचा मूळ अर्थ, व्हेनिस शहराच्या बोलींत, 'मी आपला गुलाम' असा होता. दोन्ही बाजूंनीं म्हटला गेल्यावर त्यांतली गुलामी झडून गेली.

आपल्याकडे एकेरी जोहाराच्या जागीं 'जय भीम' आला. नागपुराजवळच्या कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास, ज्यांचा जन्म १९०४ सालचा आणि मृत्यु १९३९ सालचा, यांनीं हें अभिवादन रूढ केलें असें मानतात. १९२७ सालीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं परिषद भरली होती, तिच्या अध्यक्षस्थानीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या लढ्यांत मंदिराचें दार मागितलें गेलें. 'जय भीम'नें त्याहून साधी गोष्ट मिळविली. आपल्या नमस्कारास तसाच नमस्कार मिळावा, एवढीच. ज्यांना ती जन्मतःच मिळालेली असते, त्यांना तिचें मोल कळत नाहीं.

दुसऱ्या देशांनींहि हा प्रश्न आपापल्या परीनें सोडविला आहे. स्वीडन देशांत पूर्वीं माणसास त्याच्या हुद्द्यानें संबोधण्याची चाल होती, आणि कोणास काय म्हणावें या पेंचांत बोलणेंच अवघड होई. १९६७ सालीं तेथील आरोग्यखात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनीं जाहीर केलें कीं, कचेरींतील सर्वांस आपण 'दू', म्हणजे 'तूं', म्हणणार आणि सर्वांनीं आपणांसहि 'दू'च म्हणावें. पाहतां पाहतां साऱ्या देशानें ती चाल उचलली. त्यांनीं सर्वांस 'तूं' केलें. आमच्याकडे साहेबास 'तूं' म्हणण्याचा धीर कोणास होईल असें मला वाटत नाहीं. पण शिपायास, हमालास, भाजीवालीस, झाडणाऱ्या बाईस 'तुम्ही' म्हणण्यास धीर लागत नाहीं, पैसाहि लागत नाहीं. ते एका पायरीनें वर आले, तर आपण एकाहि पायरीनें खालीं जात नाहीं.

सर्वनामाची गोष्ट झाली, आतां भाषेची. कारण समोरचा माणूस आपल्याहून निराळ्या भाषेचा असला, तर आपलें 'तुम्ही'हि त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. माझी पहिली नेमणूक १९८३ सालीं मेळघाटांत, धारणी तालुक्यांतील एका पाड्यावर झाली. वर्गांत सारीं कोरकू मुलें. मी मराठींत गोड गोड बोलत होतों, आणि मुलें खालीं मान घालून बसत. दोन आठवडे एका मुलानेंहि तोंड उघडलें नाहीं. हीं मुलें मठ्ठ आहेत, असा मीं मनांतल्या मनांत निकालहि देऊन टाकला होता. एके दुपारीं एक म्हातारी पाण्याचा हंडा घेऊन शाळेवरून जात होती. मला तहान लागली होती. मीं हंड्याकडे बोट दाखवून, याला तुमच्या भाषेंत काय म्हणतात, असें खुणेनेंच विचारलें. ती म्हणाली, "डा." मीं म्हणून पाहिलें, "दा." ती हंसली आणि जीभ टाळूस लावून पुन्हा म्हणाली, "डा." मीं पुन्हा म्हटलें, पुन्हा चुकलें. खिडकींतून पाहणारीं सारीं मुलें खो खो हंसूं लागलीं. मास्तर चुकतो आणि त्यालाहि शिकावें लागतें, हें त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच पाहिलें असावें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत शिरतों, तों आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उठली, कोपऱ्यांतल्या माठांतून तांब्या भरून आणला, माझ्यापुढें धरला आणि म्हणाली, "पाणी." शुद्ध मराठींत, णकारासकट. मीं तिच्या भाषेंतला शब्द चुकतमाकत घेतला होता. तिनें माझ्या भाषेंतला शब्द मला नीट करून परत दिला. पुढें कळलें कीं, त्यांच्या भाषेंत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे 'माणसें', एवढाच अर्थ. ज्यांचें नांवच 'माणसें' आहे, त्यांच्याशीं बोलतांना मी दोन आठवडे त्यांना मठ्ठ ठरवीत होतों.

म्हणून मला वाटतें कीं, परभाषेंतले सौजन्याचे शब्द पुस्तकांतून पाठ करणें ही चांगली हौस आहे, पण त्यांचा खरा उपयोग उच्चार बिनचूक येण्यांत नाहीं. दुसऱ्याच्या भाषेंतला शब्द उच्चारतांना आपण त्याच्या अंगणांत पाहुणे होतों. थोडे चुकतों, थोडे हंसें करून घेतों. आणि घरधनी मोठ्या मनानें आपणांस सांवरून घेतो. त्या एका क्षणापुरता तो वडील होतो आणि आपण धाकटे. जो सदा वडीलच राहूं पाहतो, त्याला कोणतीहि भाषा येत नाहीं.

आतां नातीच्या 'थँक्यू'कडे येतों. आमच्या वयाच्या मंडळींना या शब्दाचा राग येतो. अमरावतीच्या राजकमल चौकांत रिक्षांतून उतरणारीं मुलें रिक्षावाल्यास 'थँक्यू काका' म्हणतात, तें ऐकून मलाहि पूर्वीं वाटे कीं, पोरें मराठी विसरलीं. पण एके दिवशीं सहज मनांत आलें, कीं मी त्यांच्या वयाचा असतांना रिक्षावाल्यास काय म्हणत असें? कांहींच म्हणत नसें. पैसे हातावर ठेवून चालूं लागत असें. 'धन्यवाद' त्याच्यासाठीं फार मोठा वाटे आणि दुसरा शब्द मजजवळ नव्हता. या परक्या शब्दाला आपल्या गांवची जात ठाऊक नाहीं, हुद्दा ठाऊक नाहीं. तो कलेक्टरास म्हणतां येतो आणि रिक्षावाल्यासहि तितक्याच सहज म्हणतां येतो. जें काम आमच्या शब्दांकडून आम्हीं कधीं करून घेतलें नाहीं, तें हा आगंतुक करीत आहे. त्याचा राग करण्यापेक्षां आपले 'तुम्ही' आणि 'जी' आपण बाहेर काढले, तर तो आपण होऊन थोडा बाजूस सरेल. आणि न सरला, तरी 'थँक्यू काका' यांतला 'काका' आपलाच आहे.

जे अजून शाळेंत शिकवीत आहेत, त्यांना एक विनंति करतों. मुलांना शंभर भाषांतले नमस्कार शिकवा; त्यांना तें फार आवडतें, आणि भूगोलहि त्या मिषानें होतो. पण त्याआधीं शाळेंत पाणी भरणाऱ्या माणसास त्यांच्यादेखत 'तुम्ही' म्हणा. आदरार्थीं अनेकवचनाचा याहून चांगला पाठ नाहीं. मीं तो अकरा वर्षें चुकीचा दिला. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनीं व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेंत 'आदरार्थीं अनेकवचन' बरोबर लिहिलें असेल; घंटेजवळ उभे असलेल्या माणसाविषयीं मात्र तीं माझ्याकडून 'अरे'च शिकलीं.

नातीस मीं अखेर काय उत्तर दिलें, तेंहि सांगतों. मीं तिला सांगितलें कीं, बाळ, घरांत मराठी माणूस धन्यवाद म्हणत नाहीं हें खरें, पण त्यानें मोकळें सुटावयाचेंहि नसतें. शब्दानें फेडावयाचें नसेल, तर दुसऱ्या कशानें तरी तें परत गेलें पाहिजे. आतां सकाळचा चहा झाला कीं दोघांच्या कपबशा मी उचलतों आणि विसळून ठेवतों. पहिल्या दिवशीं सौभाग्यवतीनें, "अहो, बरें वाटत नाहीं का?" असें विचारलें होतें. आतां विचारीत नाहीं.

माझा वेळ संपला. आपण सर्वांनीं घरीं बसून हें ऐकून घेतलेंत. तुमचा रामराम मला येथें ऐकूं येत नाहीं, तरी तो दिला असेल असें धरून चालतों. बराय तर मग, येतों जी.